नवी कल्पना कुठल्या खोलीत, कुठल्या तासाला?

गणिताच्या_बाई

मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी गणित-विज्ञान शिकवते. इमारत एकच, शाळा दोन अधिवेशनांत. सकाळी सातला वरचे वर्ग येतात, साडेबाराला सुटतात, आणि लगेच खालचे वर्ग भरतात. मधल्या दहा-पंधरा मिनिटांत मावशी वर्ग झाडून घेतात, तेवढ्यात जिन्यावर उतरणारी आणि चढणारी मुलं एकमेकांत अडकतात. इथल्या बऱ्याच जणांची शाळा अशीच गेली असेल.

धागा काढायचं कारण सांगते. शिक्षणातल्या नव्या कल्पनांवर सध्या खूप बोललं जातंय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे जाऊन काम बघायचं, करायचं. समग्र प्रगती पत्रक आहे, ज्यात मुलानं स्वतःबद्दल लिहायचं, वर्गमित्रानं त्याच्याबद्दल लिहायचं, पालकांनी आणि शिक्षकांनीही लिहायचं. विषय कलेशी जोडून शिकवायचा, प्रकल्प गटात करायचे. या सगळ्या कल्पना मला मनापासून आवडतात. बी.एड.ला असताना आम्ही ज्या शाळेचं स्वप्न बघत होतो, ती हीच. पण दर वेळी मला एकच प्रश्न पडतो. हे कुठल्या खोलीत होणार, कुठल्या तासाला, आणि त्या वेळी वर्गावर कोण असणार?

एक साधं उदाहरण देते. सहावीच्या मुलांना बी रुजताना बघायचं होतं. ओल्या कापसावर मूग आणि वाल ठेवायचे, रोज येऊन मोजायचे, वहीत चित्र काढायचं. चार-पाच दिवसांचं काम. पण ज्या बाकावर मुलं ते ठेवणार, त्या बाकावर सकाळी दुसरी मुलं बसतात. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं तर कुणाचा तरी धक्का लागणार. प्रयोगशाळेत वर्ग भरतो, कारण पटसंख्येला खोल्या पुरत नाहीत. भिंतीवर तक्ता लावला तर दुसऱ्या अधिवेशनाच्या वर्गाचा तक्ता काढावा लागतो. शेवटी प्रत्येकानं हा प्रयोग घरी करायचा ठरलं. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात, अशा घरातली एक मुलगी मला म्हणाली, "बाई, आमच्याकडे ठेवायला जागा नाही." शाळेतही नाही, घरीही नाही. तिनं शेजारणीच्या वाट्या पाहून चित्रं काढली, आणि अंकुराची दिशा वर्गात सगळ्यांत नेमकी तिनंच टिपली होती.

आता वेळेचं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन सांगितलंय. १००० ला २२० नं भागलं तर दिवसाला साडेचार तासांहून थोडं जास्त येतं. दोन अधिवेशनांच्या शाळेत परिपाठ आणि मधली सुट्टी वजा केली की जेमतेम तेवढंच उरतं. म्हणजे कायदा पाळला जातो, पण वर काही शिल्लक राहत नाही. शाळा सुटल्यावर पाच मुलांना थांबवून अपूर्णांक पुन्हा समजावायचे, तर बसायचं कुठे? मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर मी ते करते. जुलैमध्ये पावसाची सुट्टी लागली की ते तासही जातात.

आणि माणसांचं. २०१० साली राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक म्हणजे वर्षभर चालणारं, संकलित म्हणजे सत्राच्या शेवटचं, आणि प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंद. कल्पना उत्तम होती. मूल काय करतं ते रोज बघा आणि लिहा. पण साठ-पासष्टच्या वर्गात पस्तीस मिनिटांच्या तासाला कुणाकडे किती वेळ बघणार? काही वर्षांत तयार नोंदींची पुस्तकं बाजारात आली, मग पीडीएफ फिरू लागल्या. "वाचनाची आवड आहे", "गटात सहकार्य करतो", अशी वाक्यं उतरवून घेतली जाऊ लागली. माझ्या सहकारी आळशी नव्हत्या. त्यांना दिलेलं काम त्या तासात बसतच नव्हतं. समग्र प्रगती पत्रकाचं तसं होऊ नये, म्हणून हे आत्ताच बोलायला हवं.

शिक्षक, पालक, माजी विद्यार्थी, सगळ्यांनी लिहा. तुमच्या शाळेत जागा आणि वेळ कुठून काढतात? तक्रारी चालतील, पण एखादा उपाय जमला असेल तर तो जरूर सांगा.

आईची_धावपळ

बाई, वेळेवरून लिहिते. माझी मुलगी दुसरीला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून शाळेच्या वेळा बदलण्याचा विचार करा असं सांगितलं, आणि ८ फेब्रुवारी २०२४ ला शासनाचा निर्णय आला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका. आम्हा आयांना किती आनंद झाला होता. साडेपाचला झोपेत असलेल्या मुलाच्या तोंडात ब्रश घालायचा म्हणजे काय, ते करणाऱ्यालाच कळतं.

प्रत्यक्षात काय झालं ते सांगते. शाळेची बस आधी मोठ्या मुलांची फेरी करते, मग लहानांची. नऊची शाळा म्हणजे बस ऐन गर्दीत लिंक रोडवर. पूर्वी वीस मिनिटं लागायची, आता पाऊण तास. मुलगी पावणेआठला घरातून निघते. झोप वाढली, पण अर्धी वाढ बसमध्ये गेली. आणि ज्या शाळांत सकाळी लहान आणि दुपारी मोठे अशी दोन अधिवेशनं आहेत तिथे लहानांची शाळा दोन तास पुढे सरकली की मोठ्यांची सुटायला सात वाजतात. डिसेंबरात मुंबईत सहाला सूर्य मावळतो. आठवी-नववीच्या मुली अंधारात घरी येणार, म्हणून आमच्या ओळखीच्या एका शाळेत पालकांनीच विरोध केला.

निर्णय चांगलाच होता. मुलाच्या झोपेचा विचार कुणीतरी केला, हे मोठं आहे. पण बस, रस्ता आणि दुसरं अधिवेशन यांचा विचार त्यासोबत व्हायला हवा होता.

वाचनमात्र

+१. दोन्ही पोस्ट अगदी पटल्या. वाचतोय.

पालिका_शिक्षक

मी महापालिकेच्या शाळेत आहे. आमच्याकडे खोलीचा प्रश्न उलटा आहे. पालिका आठ भाषांत शाळा चालवते, मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड. एकाच इमारतीत तीन-चार माध्यमं असतात. इमारती मोठ्या, जिने रुंद, काही ठिकाणी समोर चांगलं मैदान. मराठी माध्यमाचे वर्ग आटत चाललेत, त्यामुळे मजल्यावर खोल्या रिकाम्या आहेत. मुलांना दप्तर, गणवेश, बूट, वह्या धरून २७ वस्तू मोफत मिळतात. जे वस्तूंनी होण्यासारखं आहे ते बरंचसं झालंय.

कमी आहे ते माणसांचं. पटसंख्या घटली की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर होतात त्यात, पद जातं. मग दोन इयत्ता एका शिक्षकाकडे. संचमान्यतेत आधार वैध असलेली मुलंच धरतात, त्यामुळे जून-जुलैत आमचा कितीतरी वेळ आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळवण्यात जातो. बिहार, उत्तर प्रदेश, मराठवाडा, कुठून कुठून आलेली मुलं. कुणाची जन्मतारीख चुकलेली, कुणाचं आडनाव वडिलांच्या आधारवर वेगळं. मूल समोर बसलंय, पाढे म्हणतंय, पण मोजणीत नाही. मग यू-डायस प्लस, सरल, अपार या ऑनलाइन नोंदी. त्यावर मतदार यादीचं काम, आणि २०२७ ची जनगणना.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ बघा. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसरं अशैक्षणिक काम देता येत नाही. म्हणजे ही कामं कायद्यात बसतात, आणि मी ती टाळावी असं म्हणत नाही. देशाचं काम आहे. पण मी घरोघरी फिरत असताना माझ्या वर्गावर कोण, याची सोय त्या आदेशात कधीच नसते. शेजारच्या वर्गाच्या बाई दोन वर्ग सांभाळतात. त्यांचंही शिकवणं बुडतं, माझंही.

तेव्हा बाई, तुमच्या प्रश्नातला "कोण" मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. रिकामी खोली मूल घडवत नाही.

गणिताच्या_बाई

@पालिका_शिक्षक, सर, तुम्ही लिहिलंत ते वाचून एक गोष्ट खटकली. माझ्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर पालिकेची शाळा आहे आणि तिचा एक मजला बंद असतो. आमच्याकडे प्रयोगशाळेत वर्ग भरतात. दोन्ही शाळा मराठी, दोन्हींतली मुलं एकाच वस्तीतली. व्यवस्थापन वेगळं म्हणून त्या खोलीचं कुलूप आमच्यासाठी उघडत नाही. यावर कुणी काही करून पाहिलंय का?

@आईची_धावपळ, अंधाराचा मुद्दा अगदी खरा. आमच्याकडे दुपारचं अधिवेशन सहाला सुटतं, तरी थंडीत मुलींचे गट करून पाठवतो.

रात्रशाळेचे_सर

बाई, आम्ही कुलूप उघडून देणाऱ्यांवरच जगतो, म्हणून लिहितो.

मुंबईतल्या रात्रशाळांना मोठा वारसा आहे. गिरणीतली पाळी संपवून माणसं शिकायला यायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि पुढे गिरणगाव विस्कटलं, पण रात्रशाळा टिकल्या. आता हॉटेलात काम करणारी मुलं येतात, घरकाम करणाऱ्या बायका येतात, सामान पोचवणारी पोरं येतात, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या मुली येतात. त्यांची शाळा दिवसाच्या शाळेच्या इमारतीत भरते. बाक दुसऱ्यांचे, फळा दुसऱ्यांचा, दिवे आमच्या वेळेपुरते. प्रयोगशाळा त्याच मजल्यावर असते आणि बंद असते. वाचनालयाची कपाटं दिसतात, किल्ली मिळत नाही. दहावीला विज्ञान आहे, प्रात्यक्षिकाचे गुण आहेत, आणि परीक्षानळी हातात धरायला मिळाली नाही असे विद्यार्थी दर वर्षी बसतात.

यातून आमच्या मुख्याध्यापिकेनं एक मार्ग काढला. दिवसाच्या शाळेच्या प्रयोगशाळा साहाय्यकाशी बोलून एक स्वतंत्र कपाट मागून घेतलं. त्यात मोजकं सामान. लिटमस, भिंगं, चुंबकं, तारा, सेल, बल्ब, तापमापी, स्पिरिटचा दिवा. यादी दाराला चिकटवलेली, वापरलं की सही. फुटलं तर आम्ही भरून देतो, तसं लेखी दिलंय. दोन्ही शाळा ते कपाट वापरतात. दिवसाच्या शाळेला सुरुवातीला धास्ती होती. आता त्यांचे शिक्षकही तेच वापरतात, कारण मोठ्या प्रयोगशाळेत वर्ग भरलेला असला तरी कपाट वर्गात ओढून नेता येतं, त्याला चाकं लावलीत.

दोन व्यवस्थापनांत खोली वाटून घ्यायला वर्षं जातील. कपाट वाटून घ्यायला एक बैठक पुरली.

एक_बाबा

थोडं वेगळं मत मांडतो. माझा मुलगा ज्या शाळेत आहे तिथे जागा भरपूर आहे. वर्गात तीस मुलं, प्रयोगशाळा, कलादालन, तरणतलाव. फी किती ते लिहीत नाही. पण आठवी संपताच अर्धा वर्ग कोचिंग क्लासला लागला. शाळेतले प्रकल्प आता मुलं रात्री अकराला संगणकाकडून लिहून घेतात, कारण संध्याकाळ क्लासमध्ये गेलेली असते. केंद्र सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या की सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये प्रवेश देऊ नका. आमच्या स्टेशनबाहेर सातवीच्या फाउंडेशन बॅचचे फलक आजही लागलेत.

म्हणून मला वाटतं, खोल्या वाढवून प्रश्न सुटणार नाही. पालकांच्या मनातली भीती कमी झाली तर मुलांचा वेळ सुटेल. मी स्वतः त्याच भीतीपोटी मुलाला क्लासला घातलंय, आणि तो थकून घरी येतो तेव्हा काळजी वाटते.

पालिका_शिक्षक

@एक_बाबा, तुमची काळजी समजते. पण तुमच्या मुलाला निवड आहे. आमच्या मुलांना शाळा सुटल्यावर ना क्लास, ना प्रयोग, ना बसायला जागा. दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि एकाच्या नादात दुसरा मागे पडू नये.

गणिताच्या_बाई

दोन्ही खरं आहे. फक्त एक जोडते. क्लासची भीती आमच्याकडेही पोचलीय. वडील रिक्षा चालवतात आणि मुलाला नववीत क्लास लावतात. विचारलं तर म्हणतात, "बाई, शाळेत प्रश्न विचारायला वेळ मिळत नाही म्हणतो." शाळेत शंका विचारायला अर्धा तास आणि एक खोली असती, तर निदान काहींचे ते पैसे वाचले असते. म्हणून मी जागेवर आणि वेळेवर अडून बसलेय.

संगणकाकडून प्रकल्प लिहून घेण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. प्रकल्प घरी पाठवला की हे होणारच. वर्गात, माझ्यासमोर, हातानं केलेल्या कामाला पर्याय नाही. आणि त्यासाठी परत खोली लागते.

सायनची_पालक

आमच्या शाळेचा अनुभव सांगते, उपयोगी पडेल. शाळा सायनला, मैदान नाही, खोल्या मोजक्या. सातवीच्या वर्गशिक्षिकेनं दप्तरमुक्त दिवसांसाठी बस ठरवायचा विचार सोडून दिला, कारण बसचे पैसे बऱ्याच घरांना जड होते. त्याऐवजी चालत किंवा बेस्टच्या बसनं जाता येईल अशा जागांची यादी केली. महाराष्ट्र निसर्ग उद्यान जवळच आहे. मिठी नदीच्या काठी, आधी तिथे कचरा टाकायची जागा होती, तिच्यावर झाडं लावून ३७ एकरांचं उद्यान केलंय. मुलांनी तिथे अर्धा दिवस फक्त पानं आणि किडे बघितले. कचऱ्याच्या ढिगावर जंगल कसं उभं राहतं, हे तिथल्या माणसांनी समजावलं. माझ्या मुलानं तेव्हापासून घरचा ओला कचरा वेगळा ठेवायला लावलाय.

दुसऱ्या वेळी धारावीच्या कुंभारवाड्यात. सौराष्ट्रातून आलेली कुंभार घराणी पिढ्यान्‌पिढ्या तिथे चाक फिरवतात. मातीत पाणी किती, भट्टी किती तापली हे ते हातानं आणि नजरेनं ओळखतात. बाईंनी मुलांना आधीच प्रश्न काढून ठेवायला सांगितले होते. एकानं विचारलं, भांडं भाजल्यावर लहान का होतं? त्यावरून परत येऊन विज्ञानाचा अख्खा तास झाला, आणि टक्केवारीचं गणितही. कच्च्या पणतीचा व्यास आणि भाजल्यानंतरचा व्यास मुलांनी पट्टीनं मोजून आणला होता.

वर्गाबरोबर आम्ही चार पालक गेलो होतो. वर्गशिक्षिका एकट्या नव्हत्या. पालकांना हे मागितलं की ते येतात. दर वेळी पैसे मागण्यापेक्षा वेळ मागा. माझ्यासारख्या घरून शिलाईकाम करणाऱ्या बाईला तो देता येतो.

नकाशा

शहर नियोजनात काम करतो. मुंबईच्या २०३४ च्या विकास आराखड्यात शाळा आणि मैदानांसाठी आरक्षित भूखंड आहेत, पण आरक्षण असणं आणि शाळा उभी राहणं यात खूप अंतर असतं. नवीन खोल्या लगेच मिळतील अशी आशा मी तरी धरत नाही. जुन्या इमारती धोकादायक ठरल्या की आहे त्या शाळाही दुसरीकडे हलवाव्या लागतात, आणि हलवलेल्या वर्गातली मुलं गळतात, कारण लहान मुलाला रस्ता ओलांडून लांब कोण पाठवणार?

शाळेबाहेरच्या जागा मात्र आहेत. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचं. अशा जुन्या वाचनालयांच्या सभागृहांत आणि वाचनकक्षांत दुपारी फारशी गर्दी नसते. आमच्या भागातल्या एका वाचनालयात आठवड्यातून एकदा जवळच्या शाळेचा वर्ग येतो. पुस्तकं हाताळतो, तिथेच बसून वाचतो. वाचनालयाला नवे वाचक मिळतात, शाळेला एक खोली. विचारायला फक्त एक पत्र लागलं.

बाहेर जाणं जमत नसेल तर बाहेरचं आत येऊ शकतं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरती बस २०१५ पासून आहे, प्रदर्शन घेऊन शाळांपर्यंत जाते. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून सुरू आहे आणि महालक्ष्मी स्टेशनवरून तिथे पोचता येतं.

वाचनमात्र

इतका वेळ वाचत होतो, आता विचारतो. सातवीचा वर्ग बाहेर गेला त्या दिवशी त्यांच्या बाईंचे बाकीच्या वर्गांवरचे तास कुणी घेतले? आमच्याकडे सहल म्हटलं की वेळापत्रक लावणारे सर डोक्याला हात लावतात.

गणिताच्या_बाई

@वाचनमात्र, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस वेळापत्रक घेऊन बसले होते. @सायनची_पालक यांच्या पोस्टमुळे मला जे दिसलं ते मांडते. कुठे चुकतंय का बघा.

समजा आठवी अ एक दिवस बाहेर गेली. त्या दिवशी आठवी अ ची खोली दिवसभर रिकामी. आमच्या इमारतीत रिकामी खोली म्हणजे केवढी मोठी गोष्ट! शिवाय आठवी अ चे त्या दिवसाचे सगळे तास मोकळे, म्हणजे आठ तासांचे शिक्षक आपापल्या वेळी मोकळे. वर्गाबरोबर दोन शिक्षक आणि चार पालक गेले. त्या दोघांचे इतर वर्गांवरचे तास या मोकळ्या झालेल्यांपैकी काही जण घेतील. तरी तीन-चार तास असे उरतात की शिक्षकही मोकळा आणि खोलीही मोकळी. त्या तासांना आठवी ब चे दोन भाग करायचे. अर्धी मुलं आपल्या वर्गात, अर्धी रिकाम्या खोलीत. तीस-बत्तीस मुलांचा वर्ग! माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत तेवढ्या मुलांना एका वेळी शिकवण्याची संधी मला फारशी मिळालेली नाही. प्रयोग, शंका, तोंडी, समग्र पत्रकासाठीचं निरीक्षण, जे इतर वेळी बसत नाही ते त्या तासांत बसेल. पुढच्या आठवड्यात ब बाहेर, क ला खोली.

म्हणजे दप्तरमुक्त दिवस हा नुसता बाहेर जाणाऱ्यांचा राहत नाही, मागे राहणाऱ्यांनाही त्याचा लाभ होतो. आजवर आम्ही तिन्ही तुकड्या एकाच दिवशी नेत होतो, कारण बसचा हिशेब सोपा पडतो. तुकड्या वेगवेगळ्या आठवड्यांत नेल्या तरच हे जमेल, आणि त्यासाठी जागा जवळच्या हव्यात, चालत किंवा बेस्टनं. आमच्या पट्ट्यात मी यादी सुरू केलीय. कोळीवाडा, बेस्टचा डेपो, एक छापखाना, रोपवाटिका, वाचनालय. आमच्याच मुलांचे पालक तिथे काम करतात. आठवी ब मधल्या एकाचे वडील डेपोत मेकॅनिक आहेत. गिअर आणि दात्यांचं गुणोत्तर ते माझ्यापेक्षा चांगलं शिकवतील.

पालिका_शिक्षक

बाई, हिशेब बरोबर वाटतोय. एक अडचण. भाषेच्या आणि गणिताच्या शिक्षकांचे तास जास्त असतात, म्हणून मोकळे होणारे तेच निघतात आणि बदली तासांचा भार परत त्यांच्यावरच पडतो. वाटून कसं देणार ते आधीच लिहून ठेवा, नाहीतर शिक्षक खोलीत नाराजी होईल. आमच्याकडे झालीय.

आणि निवडणूक किंवा जनगणनेचा आदेश आला तर सगळं कोलमडेल. त्या आठवड्यांत बाहेर जाणं ठेवू नका. दिवाळीनंतर ते जानेवारी अखेर, हा काळ बरा. ऊनही नसतं. फक्त स्नेहसंमेलनाच्या तारखा बघा.

आईची_धावपळ

शाळा व्यवस्थापन समितीत मांडा. त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असं कायद्यात आहे, आणि निम्म्या सदस्य महिला. आमच्याकडे समिती फक्त सह्या करायची. मागच्या वर्षी आम्ही चौघी आयांनी बैठकीला विषयपत्रिका आधी मागायला सुरुवात केली, तेव्हापासून बोलणं होतं. पालक सोबत येण्याचा ठराव समितीतच झाला तर मुख्याध्यापकांनाही आधार मिळतो. काही झालं तर जबाबदारी कुणाची, हाच त्यांचा पहिला प्रश्न असतो.

रात्रशाळेचे_सर

@गणिताच्या_बाई, संध्याकाळी तुमची इमारत रिकामी असते का? सहानंतर? तसं असेल तर शंकांचा तास तेव्हा ठेवता येईल. रखवालदार आणि विजेचा खर्च एवढाच प्रश्न असतो. आमच्याकडे तो माजी विद्यार्थी उचलतात.

गणिताच्या_बाई

सर, सहानंतर रिकामीच असते. दहावीच्या मुलांसाठी तो तास विचारते. मुलींच्या घरी जाण्याची सोय आधी बघावी लागेल, त्यामुळे सातच्या पुढे नाही. चाकांच्या कपाटातल्या सामानाची यादी मला पाठवाल का? मापांसकट हवी. आमच्या वर्गाच्या दाराची रुंदी बेताचीच आहे.

@पालिका_शिक्षक, बदली तास आठवड्याला एकाकडे दोनहून जास्त नाहीत, असं लिहून घेते. समितीची बैठक महिनाअखेर आहे. आठवी अ आणि कोळीवाडा, एवढाच पहिला ठराव ठेवतेय. तिथल्या एका आजींनी भरती-ओहोटीच्या वेळा आणि मासळीचे हंगाम मुलांना सांगायचं कबूल केलंय, फक्त सकाळी बाजारातून परतल्यावर, म्हणजे साडेदहानंतर. त्यामुळे पहिले चार तास वर्गातच होतील आणि रिकामी खोली पाचव्या तासापासून मिळेल. आठवी ब च्या कोणत्या मुलांना आधी घ्यायचं, ते वर्गशिक्षिकेशी बोलून उद्या ठरवते.